बिट्टीचं बीजगणित मार्गी लागलं

बिट्टीची शाळा सुटली ती सफरचंदांमुळे.

सातवीच्या सहामाहीत गणिताच्या पेपरात प्रश्न होता : टोपलीत काही सफरचंदं आहेत. त्यांतली पाच काढली, आठ उरली. सुरुवातीला किती असतील असं तुम्हाला वाटतं? बिट्टीनं तेरा लिहिलं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं लिहिलं, ‘मला वाटतं, भरपूर.’ दोघींना सारखेच गुण मिळाले. शेजारणीला वर एक हसरा चेहराही मिळाला.

बिट्टीचे बाबा काँक्रीटच्या चाचणी प्रयोगशाळेत होते. बांधकामांवरून येणारे ठोकळे दाबयंत्राखाली ठेवायचे आणि ते किती भाराला फुटतात ते पाहायचं, हे त्यांचं काम. ‘भरपूर’ हा शब्द त्यांनी आजवर कुठल्याही अहवालात लिहिला नव्हता, आणि लिहिला असता तर एव्हाना एखादा पूल पाण्यात असता. आई कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशनात मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळे. घरी ती ते काम हौसेनं करी. दोघं पेपर घेऊन मुख्याध्यापिकाबाईंना भेटायला गेली.

“आम्ही मुलांवर उत्तर लादत नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या.

“पण उत्तर तेरा आहे,” बाबा म्हणाले.

“तुमच्यासाठी,” बाई म्हणाल्या.

आईबाबांचा राग एकाच दिशेला निघाला आहे, हे दृश्य बिट्टी जन्मात प्रथमच पाहत होती. एरवी त्या घरात राग समोरासमोरून यायचा आणि मधल्या खोलीत बिट्टी असायची. परतताना गाडीत ती मागच्या सीटवरून पुढची दोन डोकी न्याहाळत होती. “तुमच्यासाठी,” आईनं बाईंच्या आवाजात म्हटलं, आणि बाबा इतके हसले की सिग्नल हिरवा झालेला त्यांना कळला नाही. वाटेत थांबून तिघांनी आइसक्रीम खाल्लं. ते संपेपर्यंत बिट्टीला घरीच शिकवायचं ठरलंसुद्धा. एवढा मोठा निर्णय त्या दोघांनी एका कोनात बसेल एवढ्या वेळात घेतला, याचं पुढे सगळ्यांनाच आश्चर्य वाटायचं होतं.

आइसक्रीमचा परिणाम चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी संध्याकाळी बिट्टी पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघराकडे निघाली आणि दाराशीच थबकली. आत दोघं बोलत होती. भांडत नव्हती, हेच वाईट होतं. भांडण तिला पाठ होतं; कुठल्या वाक्यानंतर कुठलं वाक्य येतं आणि कुठलं कपाट आपटतं, सगळं. हे बोलणं मात्र बँकेच्या खिडकीवरचं होतं.

“मी घर बघून ठेवलंय,” बाबा म्हणाले.

“किती खोल्या?”

“दोन. बिट्टी येईल तेव्हा तिला एक.”

“बरं.”

“पण आत्ता नको. शाळाही सुटली आणि वर हेही, असं नको व्हायला.”

“मी तेच म्हणणार होते. तिचं बीजगणिताचं एकदा नक्की होऊ दे, नीट बसू दे. मग आपलं बघू.”

“बाकीचे विषय काही अडत नाहीत.”

“नाही. गणिताचंच तेवढं. चहा ठेवू?”

“ठेव.”

बिट्टी रिकामी बाटली घेऊन परत गेली. पलंगावर बसून तिनं विचार केला. रडण्याचाही विचार केला, पण आधी हा. आईबाबांचं वेगळं होणं ठरलंय. पण ते एका अटीवर अडलंय, आणि अट जिच्या गणिताची आहे ती आपण आहोत. ज्या दिवशी बीजगणिताचा अभ्यासक्रम नक्की होईल त्या दिवशी बाबा दोन खोल्यांत जातील. म्हणजे तो नक्की होता कामा नये. आणि आईबाबांना ओळखणारा कुणीही सांगेल, की त्या दोघांचं एकमत होऊ न देणं हे काही अवघड काम नव्हतं. अवघड होतं ते एवढंच, की दोघांपैकी कुणाचीही सरशी होऊ द्यायची नव्हती.

बाकीचे विषय खरंच अडले नाहीत. विज्ञानाचं पुस्तक आईनं आणलं, भाषेचं बाबांनी चाळलं, आणि इतिहास एका संध्याकाळीच संपला. “इतिहासाचं काय एवढं,” बाबा म्हणाले, “तो होऊन गेलाय.” बीजगणिताचं तसं नव्हतं. बीजगणित हा कणा आहे, यावर दोघांचं एकमत होतं. कणा कुठून विकत आणायचा, इथून पुढे प्रश्न होता.

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी बीजगणिताचे इतके अभ्यासक्रम निघतात, हे कळल्यावर शाळेत उरलेल्या मुलांची कीव यावी. एकात अस्वल गणित शिकवायचं. एकात हसरा माणूस पडद्यावर येऊन प्रत्येक उदाहरणाआधी “घाबरायचं नाही हं” म्हणायचा आणि तेवढ्यानं चांगली मुलंही घाबरायची. एकात बरोबर उत्तराला चांदणी मिळे, चुकीच्या उत्तराला दोन, प्रयत्नाबद्दल. एक फार जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती होती. तीत एक नळ टाकी भरायचा, दुसरा तिला गळती लावायचा, आणि कुणाच्याही मनात त्यांपैकी एक नळ बंद करायचं येत नसे. “हे पुस्तक घर चालवण्यावर आहे का?” आईनं विचारलं. बाबांनी ते बाजूला ठेवलं.

प्रत्येक अभ्यासक्रमाच्या वेष्टनावर ‘कसून तयारी’ असं छापलेलं होतं. अस्वलाच्यासुद्धा.

निवड कशी करायची, हे बाबांनी ठरवलं. प्रयोगशाळेत दोन कंत्राटदारांच्या मालाची तुलना करायची तर दोघांचे ठोकळे एकाच भाराखाली ठेवतात. तसंच इथे. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं प्रकरण बिट्टीनं पूर्ण करायचं, शेवटची चाचणी द्यायची, गुण भिंतीवरच्या तक्त्यात. पहिलंच प्रकरण का? कारण तेच सगळ्यांत समान असतं. त्यामुळे झालं असं, की पुढचे दोन महिने बिट्टी ‘चल म्हणजे काय’ एवढंच शिकत होती. एका पुस्तकात चल म्हणजे झाकलेला डबा होता, दुसऱ्यात रिकामी खुर्ची, तिसऱ्यात नाव न सांगता आलेला पाहुणा. तो पाहुणा कोण हे सांगायची वेळ दुसऱ्या प्रकरणात यायची, आणि तोवर बिट्टी चौथ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणावर गेलेली असायची. बीजगणिताच्या उंबऱ्यावर इतक्या वेळा उभं केलेलं मूल दुसरं कुठे सापडलं नसतं. आत जा, असं कुणीच म्हणत नव्हतं.

आईची कसोटी निराळी. ती लाल पेन घेऊन पुस्तक वाचायची. उत्तरसूचीत चूक सापडली की पुस्तक बाद. एका प्रकाशकाला तिनं सगळ्या चुका कळवल्या, तर त्यांनी आभार मानून विचारलं की पुढच्या इयत्तेचंही तपासून द्याल का. चौकशीत फुकट असा शब्द नव्हता, पण वास होता.

अस्वल गेलं, हसरा माणूस गेला, नळ गेले. शेवटी दोन उरली. एक करडं पुस्तक : जाड, चित्र नाही, रंग नाही, प्रत्येक पानावर उदाहरणं अशी गच्च की समासालाही गुदमरावं. ते बाबांचं. दुसरं पिवळं : अक्षर मोठं, प्रत्येक नियमाआधी ‘तो का’ याचं एक पान, चूक एकही नाही. ते आईचं.

“हे कसदार आहे,” बाबा करड्यावर हात ठेवून म्हणाले.

“कसदार नाही, कोंदट आहे. पोरीनं श्वास कुठे घ्यायचा?”

“श्वास घ्यायला बाल्कनी आहे. आणि तुझ्या पुस्तकात ‘का’ एवढा आहे की ‘किती’ला जागाच नाही.”

“‘का’ कधी विचारलास का तू आयुष्यात?”

“एकदा विचारला होता. तू उत्तर दिलं नाहीस.”

इथे बिट्टीनं दोघांच्या मधे पिवळं पुस्तक उघडून ठेवलं आणि विचारलं, “आई, कंसाआधी वजा असला तर आतलं सगळं उलटं का होतं?” ते तिला शाळेतूनच येत होतं. पण तेवढ्यात दोघंही खाली वाकली, दोघांनी एकाच कागदावर लिहायला घेतलं, आणि वेळ निभावली.

आता दोन्ही पुस्तकांची मोठी परीक्षा सुरू झाली. दर शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक चाचणी करड्याची, एक पिवळ्याची; प्रकरण अजूनही पहिलंच. पंचवीस प्रश्न, प्रत्येकी चार गुण. पक्षपात नको म्हणून करड्याचे पेपर आई तपासायची आणि पिवळ्याचे बाबा. तपासताना दोघं दुसऱ्याच्या पुस्तकाला नावं ठेवायची. पण एकाच टेबलाशी, एकाच दिव्याखाली. बिट्टीला आठवड्यात ती संध्याकाळ तेवढी हवी असायची. एकदा चष्म्याचं घर शोधणाऱ्या आईकडे बाबांनी ते न बघताच सरकवलं. एकदा उत्तर पडताळून बघताना आईनं बाबांच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि वाचून झाल्यावरही थोडा वेळ तशीच राहिली. बिट्टी अशा गोष्टी जमवत होती. तिचा हिशेब साधा होता : ही रीत पुरेशी चालली तर दोन खोल्यांचं घर दुसरं कुणीतरी घेईल.

त्यासाठी बरोबरी राखणं आलं. करडं पुढे गेलं की पुढच्या शनिवारी करड्यात चिन्हं चुकवायची. पिवळं वर आलं की पिवळ्यात एखाद्या पदाचा विसर पाडायचा. पहिल्यांदा ती अंदाजानं चुकायची, आणि एकदा पिवळं इतकं पुढे निघून गेलं की आईनं पैसे भरायला कार्ड काढलं. बाबा अडून बसले म्हणून ते परत पर्समध्ये गेलं. अंदाजाचं काम नाही, हे तिला कळलं. मग दुपारी एकटी असताना तिनं करडं पुस्तक उघडलं आणि पहिल्या प्रकरणाच्या पलीकडे गेली. कुणी न सांगता, रोज. करडं कळेना तिथे पिवळं घ्यायची, पिवळ्यात उदाहरणं पुरेनात तिथे करडं. वास्तविक दोन्ही पुस्तकं एकत्र फार उत्तम अभ्यासक्रम होता, पण ही गोष्ट त्या घरात कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

आता ती शनिवारी टेबलाशी बसायच्या आधीच आज कशात किती चुकायचं ते काढून यायची. मग चुका पेपरभर पेरायची, सगळ्या एका जागी नकोत म्हणून. बरोबर उत्तर आधी मनात काढायचं, मग ते पटेल इतपत बिघडवायचं. नुसतं बरोबर लिहिण्यापेक्षा हे काम पुष्कळ कष्टाचं असतं. भिंतीवरच्या तक्त्यावर दोन रेघा, एक करडी नि एक पिवळी, हातात हात घालून चालल्यासारख्या पुढे जात होत्या. त्या घरात तसं चालणारं दुसरं काही नव्हतं.

बाबांना संशय आला तो त्या रेघांमुळेच.

त्या रविवारी आत्या जेवायला आली होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, दंतवैद्य. लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि मग बोलू द्यायचं नाही, अशी तिची हयात गेली होती. दोघांचं ठरत नाही म्हणून निर्णायक मत द्यायला तिला बोलावलं होतं. तिनं दोन्ही पुस्तकं दोन्ही हातांत धरून वजन केलं.

“तुम्ही हिला विचारलंत का, कुठलं आवडतं?”

“विचारलं,” आई म्हणाली. “ती म्हणते, दोन्ही चांगली आहेत.”

“मग हिला राजकारणात घाला, गणित कशाला शिकवता?”

बाबा हसले नाहीत. ते तक्त्यासमोर उभे होते. बिट्टी त्यांच्या पाठीकडे बघत होती. बाबा रेघेवरून बोट फिरवत होते, सावकाश, ठोकळ्याला भेग कुठे आहे ते चाचपावं तसं.

“ताई, तुला एक सांगतो,” ते वळून म्हणाले. “दोन कंत्राटदारांचे ठोकळे माझ्याकडे येतात. वेगळी वाळू, वेगळं सिमेंट, वेगळे हात. ते जर आठवड्यामागून आठवडे एकाच भाराला फुटायला लागले, तर त्याचा अर्थ काय?”

“दोघंही चांगले आहेत?”

“नाही. ठोकळे फुटतच नाहीयेत. कुणीतरी टेबलाशी बसून आकडे लिहितंय.” आणि आईकडे बघून ते म्हणाले, “करड्याचे पेपर तू तपासतेस.”

आईनं हातातला डाव खाली ठेवला. “म्हणजे?”

“म्हणजे खऱ्या मालाचे आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. करडं पुढे गेलं की पुढच्या वेळी खाली. प्रत्येक वेळी. नेमकं पिवळ्याशेजारी.”

“मला पिवळं जिंकवायचं असतं तर मी जिंकवलं असतं. बरोबरीत कशाला ठेवू?”

“जिंकवलं असतंस तर पकडली गेली असतीस.”

“पंधरा वर्षं,” आई आत्याला म्हणाली, अगदी हळू, “पंधरा वर्षं मी न्यायालयांचे निकाल तपासते, ताई. त्यांत एक टिंब मी माझ्या मनानं हलवलेलं नाही. आणि हा मला पोरीचे गुण खाल्ले म्हणतोय.”

“अगं, तो रागात—”

“रागात नाहीये मी,” बाबा म्हणाले. “आकडे सांगतायत.”

“आकडेच ऐकत आलास जन्मभर. माणूस समोर बसून काही सांगत असेल तर ते ऐकायला नको. मग पिवळ्याचे पेपर तू तपासतोस, त्याचं काय? तेही पडतंच की बरोबर वेळेवर.”

“मी खोटे अहवाल लिहितो, असं म्हणायचंय तुला?”

“मी काहीच म्हणत नाही. तू घे तुझं करडं पुस्तक आणि जा तुझ्या दोन खोल्यांत. कशाची वाट बघतोयस?”

आत्यानं भावाकडे पाहिलं. “कुठल्या दोन खोल्या?”

बिट्टी आपल्या ताटावर बसली होती. जे होऊ नये म्हणून तिनं शनिवारमागून शनिवार चुका पेरल्या, त्या चुकांनीच ते आणलं होतं. त्यातही आईवर आळ आला होता, आणि आईचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“आईनं काही केलं नाही,” बिट्टी म्हणाली. “मी केलं.”

“तू काय केलंस?”

“मुद्दाम चुकत होते. बरोबरी राहावी म्हणून.”

“असं मुद्दाम नाही येत, बेटा,” बाबा मऊपणे म्हणाले. “एवढं नेमकं ठेवायचं तर आधी गणित मांडावं लागेल. तू आईला वाचवायला—”

“मांडते मी. आधीच मांडते.”

बाबांनी एक कागद आणि पेन्सिल तिच्यासमोर ठेवली. प्रयोगशाळेची सवय; दावा आला की नमुना मागायचा. बिट्टीनं ताट सरकवलं.

“हे मागच्या महिन्यातलं. करड्याच्या चार चाचण्या झाल्या होत्या, सरासरी एक्याऐंशी. पिवळ्याच्या तीनच, कारण एका शनिवारी मला ताप चढला आणि पिवळ्याची राहून गेली. अठ्ठ्याऐंशी, शहात्तर, चौऱ्याऐंशी. बेरीज दोनशे अठ्ठेचाळीस. चौथ्या चाचणीत मिळवायचे गुण क्ष. दोनशे अठ्ठेचाळीस अधिक क्ष, भागिले चार, बरोबर एक्याऐंशी.” ती बोलत होती आणि लिहीत होती. “क्ष आला शहात्तर. आता चुका किती करायच्या, त्याला य म्हटलं. शंभर वजा चार य बरोबर शहात्तर. य आला सहा. मग मी सहा चुका केल्या.”

बाबांनी पेपरांच्या गठ्ठ्यातून पिवळ्याचा चौथा पेपर ओढला. आईनं त्यांच्या आधीच मोजल्या. सहा.

“अशी समीकरणं तर पाचव्या प्रकरणात आहेत,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “दोन अज्ञातं कुठून शिकलीस?”

“करड्याच्या आठव्यातून. ते नीट कळलं नाही म्हणून मग पिवळ्याच्या सहाव्यातून.”

“हिनं आठवं प्रकरण केलंय,” बाबा आईला म्हणाले.

“आपलं आपण,” आई म्हणाली. “आणि मांडणी बघ. एकाखाली एक, कुठे खाडाखोड नाही.”

“मी प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना हे शिकवता शिकवता थकलो, त्यांना क्ष कशाला धरायचा तेच कळत नाही. हिनं स्वतः प्रश्न तयार केलाय, ताई. स्वतः.”

“मला आधी वाटायला हवं होतं. चुका फारच निवडक होत्या,” आई म्हणाली.

“अगं, माझं चुकलंच मघाशी. काहीतरी बोललो.”

“जाऊ दे रे. तुला काय माहीत.”

दोघांची डोकी त्या कागदावर जवळजवळ टेकली होती. आइसक्रीमच्या दिवशी होती तशी. बिट्टी ते बघत होती आणि क्षणभर, मूर्खासारखं, तिला वाटलं की जमलं.

“म्हणजे प्रश्नच मिटला,” बाबा सरळ होत म्हणाले. “इतके महिने आपण उगीच घाबरत होतो.”

“मिटला,” आई म्हणाली. तिनं दीर्घ श्वास सोडला. “हिला बीजगणित येतंय. लागलं मार्गी.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो बँकेच्या खिडकीवरचा चेहरा बिट्टीनं ओळखला.

जेवण झाल्यावर आत्या भांडी विसळायच्या निमित्तानं बिट्टीला स्वयंपाकघरात घेऊन गेली. नळ सोडून दिला, आणि पाण्याच्या आवाजाआडून विचारलं, “का गं केलंस एवढं?”

“ते म्हणाले होते, गणिताचं ठरलं की मग वेगळं व्हायचं. मी इथून ऐकलं होतं, दारातून.”

आत्यानं नळ बंद केला. “मला का नाही सांगितलंस?”

“तू काय केलं असतंस?”

दंतवैद्यांना उत्तर द्यायची सवय नसते. समोरच्याचं तोंड उघडं असतं. आत्यानं हात पुसले आणि बाहेर गेली. बिट्टी तिथेच उभी राहून ऐकत होती. त्या दारातून ऐकू फार छान यायचं.

आत्यानं सगळं सांगितलं. मग बाबांचा आवाज आला.

“म्हणजे तिला माहीतच होतं तर. एका परीनं बरंच झालं, ताई. कसं सांगावं याचीच आम्हाला पंचाईत होती.”

“मला तर रात्ररात्र झोप नव्हती त्या विचारानं,” आई म्हणाली. “किती समजूतदारपणे घेतलंय तिनं.”

“समजूतदार?” आत्या म्हणाली. “मी रोज किडलेले दात बघते. दुखत नाही तोवर त्या प्रत्येक माणसाला वाटत असतं, आपला दात समजूतदार आहे.”

“असं नको बोलूस, ताई. तिच्यासाठीच तर थांबलो होतो.”

“हो. दोघंही. कधी नव्हे ते एकमतानं.”

आत्या कॉफी न घेताच गेली. जाताना तिनं बिट्टीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच उचलला, दुखऱ्या जागी लागल्यासारखा.

पुढचं सगळं फार सुरळीत झालं. बाबांनी भिंतीवरचा तक्ता काढला. मागे रंगाचा उजळ चौकोन उरला. अभ्यासक्रम निवडायचा प्रश्न आपोआप सुटला होता. करडं बाबांकडे ठेवायचं, पिवळं आईकडे. “बघ, दोन्ही मिळाली,” आई म्हणाली, “तुला दोन्ही आवडतात ना.” आई आणि बाबा आता एकमेकांशी फार छान वागत होती. बाबांच्या नव्या घरासाठी पडदे कुठले घ्यावेत, हे आईनं सुचवलं. चमचे मोजून अर्धे वेगळे काढताना दोघं हसलीसुद्धा, कारण सुरे विषम निघाले.

एकच गोष्ट अडली होती. बिट्टीनं आठवड्यातले कुठले दिवस कुठे राहायचं. बाबा म्हणाले चार तिकडे तीन इकडे, आई म्हणाली चार तिकडे नको, चार इकडे. आवाज जरा चढायला लागले. मग बाबांना एकदम सुचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“थांब. ही आहे की. बिट्टी, ये गं. सात दिवस आहेत. दोघांकडे सारखेच व्हायला हवेत. मांड बघू.”

“पक्षपात नको,” आई म्हणाली.

तिघं टेबलाशी बसली. दिवा लावला. तो शनिवार होता, हे बिट्टीखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं पेन्सिल घेतली. एका घरचे क्ष, दुसऱ्या घरचेही क्ष. दोन क्ष बरोबर सात. क्ष बरोबर साडेतीन.

हे आठव्या प्रकरणातलं नव्हतं. पहिल्यातलंच होतं.

“साडेतीन,” बाबा म्हणाले. “म्हणजे रविवारपासून धरलं तर बुधवारी दुपारी जेवून निघायचं. बघ, किती सरळ होतं. आपण उगीच डोकं फोडत होतो.”

आईनं कागद स्वतःकडे ओढला. सवयीनं लाल पेन हातात आलं होतं. तिनं वरपासून खालपर्यंत वाचलं, शेवटच्या ओळीवर थांबली आणि पेनाच्या मागच्या टोकानं साडेतीनच्या पुढे टकटक केलं.

“साडेतीन काय? उत्तराला एकक लिहायचं राहिलं. इतके दिवस शिकवून हे असं.”

बिट्टीनं कागद परत घेतला आणि लिहिलं, दिवस.